पाण्यात राहून कोरडी

माझी नात ताटावर झोपते. लहान नाही हो, चांगली घोडी झालेली, पाठीवर लोखंडी टाकी घेऊन चालणारी पोर. संध्याकाळी कामावरून येते, केस पिळते, जेवायला बसते आणि चार घास पोटात गेले की मान पुढे. एकदा तर नाक भातात टेकलं. मी हलवून उठवलं तर म्हणाली, "वर येतेय, वर येतेय," आणि पुन्हा झोपली. स्वयंपाकघरात बसून ही कुठून वर येत होती, तिचं तिलाच ठाऊक.

तिचं काम समुद्राच्या पोटात. लोक हौसेने येतात, त्यांना पाण्याखालचे मासे बघायचे असतात. ही त्यांच्या पाठीला हवेची टाकी बांधते, तोंडात नळी देते, हाताला धरून खाली नेते आणि धडधाकट वर आणते. त्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. मी बुडी म्हणते. शब्द मोठा केला म्हणून पाणी काही कमी ओलं होत नाही.

पाण्याचं वेड तिला पहिल्यापासून. आईबाप लांबच्या शहरात नोकरीला, म्हणून ही माझ्याकडे वाढली. आंघोळीला गेली की बादलीत तोंड घालून बसायची. मी दार ठोठावून दमायची, आतून उत्तर नाही, इकडे माझा जीव टांगणीला. मग बाहेर यायची आणि वर मलाच विचारायची, मागच्या वेळेपेक्षा जास्त झालं का गं? तेव्हापासून मी तिला पाणकोंबडी म्हणते. बापाने तिला शिकवलं, एका कचेरीत चिकटवून दिलं. तिथे खुर्चीवर बसून बसून तिचा चेहरा धुवून धुवून विटलेल्या पडद्यासारखा झाला. एक दिवस ती सरळ धक्क्यावरच्या बुडीच्या दुकानात गेली आणि लोकांचे ओले सूट वाळत घालायचं काम धरलं. तिथून हळूहळू वर चढली. वर कसली, खालीच म्हणायला हवं, कारण त्या धंद्यात माणूस जितका खोल जाईल तितका मोठा. परीक्षा दिल्या आणि गाईड झाली. त्या बोटीवरची पहिली बाई. बाप अजून फोनवर मला विचारतो, तिचं ते पोहणं संपलं का?

आम्ही राहतो सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर. तिचा काळा रबरी सूट गॅलरीत दांडीवर असतो, हातपाय लोंबत. पहिल्या दिवशी समोरची बाई धापा टाकत जिना चढून आली, तिला वाटलं कुणी माणूस लटकलाय. आता इतकी सवय झाली की सूट दिसला नाही तर विचारते, तुमचा पाहुणा कुठे गेला?

तर हे झोपणं घरात होतं तोवर मी सोसलं. मग ती बोटीवर झोपायला लागली. सकाळची एक बुडी झाली की दुसरीच्या आधी थोडा वेळ वर बसावं लागतं, तेवढ्यात टाक्यांना टेकून डोळे मिटायची. मालकाने पाहिलं. मालक वाईट माणूस नाही, पण मध लावून सुरी फिरवणारा. म्हणाला, हंगाम तोंडावर आलाय, पेंगणारी गाईड बघून गिऱ्हाईक घाबरतं. थोडे दिवस बघू, नाहीतर तू आपली दुकानात बस, लोकांच्या पायाचं माप घेऊन त्यांना पंख देत जा. पंख म्हणजे बुडी मारताना पायात घालायचे ते रबरी.

हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, मी पुन्हा खुर्चीवर नाही बसणार," म्हणाली. एवढं बोलली आणि उशीला डोकं लावण्याआधीच झोपली.

मला राग आला. तिचा आला, मालकाचा आला, त्या समुद्राचासुद्धा आला. आणि घरातल्या बाईला राग आला की ती काय करते? खायला घालते. मी सकाळी अंडी उकडली, दुपारच्या डब्यात खजूर कोंबला, लोहाचं औषध आणलं, रात्री तिच्या पिंढऱ्यांना तेल चोळलं. समोरची बाई म्हणाली, रक्त कमी असेल. सायकलवाला म्हणाला, पोरीला कसली तरी काळजी असेल. सल्ला द्यायला काही कुणाला टाकी उचलावी लागत नाही. तेल लावताना मात्र एक झालं, मी चोळत असताना ती जागी राहायचा प्रयत्न करायची आणि तोही अर्ध्यात सोडायची.

बरं, तिला उपाय ठाऊक नाहीत असं मुळीच नाही. गिऱ्हाइकांना ती जे सांगते ते मला तोंडपाठ आहे. परीक्षेच्या वेळी तिने माझ्यापुढेच घोकलं होतं, मी खाटेवर बसून गिऱ्हाईक व्हायची. आदल्या रात्री झोप पुरी करा. दारू नको. उपाशी येऊ नका आणि तडस लागेपर्यंत खाऊनही येऊ नका. पाणी पीत राहा, तहान लागायची वाट बघू नका. खाली गेल्यावर हातपाय झाडू नका, जेवढे कमी हलाल तेवढे कमी थकाल. श्वास रोखायचा नाही, सावकाश घ्यायचा, सावकाश सोडायचा. वर येताना घाई करायची नाही, मधे थांबायचं. वर आलात की अंग पुसा, गरम कपडा घाला, थंडी माणसाला खाते. असं सगळं ती सांगायची आणि मी मान डोलवायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी जन्मभर ऐकली होती. त्यातलं कोरडेपण माझ्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी तिला ओढून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या बाई बुड्या मारणाऱ्यांनाच तपासतात. त्यांनी कान बघितले, छाती बघितली, रक्त काढलं आणि म्हणाल्या, सगळं ठीक आहे. माझं डोकं फिरलं. ठीक आहे हे ऐकायला का कुणी दवाखान्यात जातं? काहीतरी सापडावं म्हणून जातं.

बाई स्वभावाने चांगल्या. मला समजेल असं सांगितलं. खोल पाण्यात हवा दाबाखाली येते, त्यातला नायट्रोजन रक्तात मुरतो आणि वर आल्यावर तो बाहेर टाकायला शरीर बराच वेळ राबत असतं. हलवलेली सोड्याची बाटली कशी हळूहळू उघडतो, तसं वर यायचं. झटकन आलं तर फेस होतो. ही सावकाश येते ना? येते. मधे थांबते ना? थांबते. खांद्याला, गुडघ्याला दुखतं का, अंगावर चट्टे, मुंग्या? नाही. तसं काही झालं तर झोपून काढायचं नाही, त्याच पावली इकडे यायचं, असं बजावलं. आणि मग विचारलं, पाणी किती पितेस? पाणी कमी पडलं तर थकवाही वाढतो आणि तो नायट्रोजन निघणंही अवघड होतं.

पोर म्हणाली, भरपूर पिते.

आणि मी, तिची सख्खी आजी, साक्षीदार म्हणून पुढे झाले. म्हटलं, बाई, मी स्वतः मोठी बाटली भरून देते आणि रोज रिकामी परत येते. बाईंनी मान हलवली. थोडे दिवस बुड्या कमी कर म्हणाल्या. आम्ही घरी आलो, आणि पोर बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. उतरायचा थांबा मागे गेला तरी उठेना.

बुड्या कमी कर म्हणणं सोपं. मालकाला काय सांगणार? मग मी आपलं घरचं डोकं चालवलं. बाटलीतल्या पाण्यात लिंबू पिळलं, साखर घातली, मीठ घातलं आणि फडक्याने गाळून घेतलं. तिला सांगितलं नाही, कारण बोटीवर गोड प्यायलं की मळमळतं, अशी तिची आधीच तक्रार. बाटली स्टीलची, बाहेरून काही दिसायचं नाही. पहिला घोट गेला की कळेल, आणि तोवर पोटात गेलेलं असेल, असा माझा हिशेब.

त्या संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली ती नेहमीसारखी फरफटत नव्हती. दारातूनच विचारलं, "आजी, बाटलीत काय घातलं होतंस?"

झालं होतं असं. एक आडदांड गिऱ्हाईक, पहिलीच बुडी. हिने नेहमीप्रमाणे त्याचा मास्क, म्हणजे डोळ्यांवर लावायची ती काच, बाटलीतल्या पाण्याने विसळला आणि त्याच्या तोंडावर चढवला. तो पाण्यात उतरला मात्र, तोच बोंबलायला लागला, डोळ्यांत काहीतरी चावलं म्हणून. नशीब, अजून वरच होता. मास्क ओढून काढला, डोळे लाल, शिंगाड्याएवढे. अख्ख्या बोटीला वाटलं, जेलीफिश. शेवटी हिने बोटाने बाटली चाखली तेव्हा उलगडा झाला. बोटीवरचा दुसरा गाईड, त्याला सगळे दाढीवाला म्हणतात, तो म्हणाला, मास्कला सरबत पाजतात हे आज कळलं. मालक हसला नाही. रविवारची फेरी कर म्हणाला, आणि सोमवारपासून दुकानात.

ती बोलत होती आणि मी एकाच गोष्टीवर अडले होते.

"माझं पाणी त्याच्या डोळ्यांत कशाला गेलं?" मी म्हटलं. "तुझ्या पोटात का नाही?"

ती टॉवेलचा सुटलेला दोरा ओढत बसली. मग मी बाटली तिच्यासमोर टेबलावर ठेवली आणि पुन्हा विचारलं, रोज हेच करतेस? मास्क धुतेस?

तेव्हा ती सगळं बोलली. बोट पहाटे सुटते आणि दुपार उलटून गेल्यावर परत येते. बोटीवर संडास नाही. पुरुषांचं ठीक आहे, ते मागच्या बाजूने पाण्यात उतरतात, कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. हिचा सूट कातडीसारखा चिकटलेला, सुटाची चेन पाठीवर, ओला झाला की दुसऱ्याने ओढल्याशिवाय निघत नाही. मी म्हटलं, अगं, खाली पाण्यात कोण बघतंय? तर म्हणाली, दोन्ही हातांत दोन घाबरलेली माणसं असतात आजी, आणि त्याच सुटात पुढे दिवसभर त्यांच्या शेजारी बसायचं असतं, वास येतो. सुरुवातीला एकदा तिने बोट चालवणाऱ्या काकांना विनंती केली होती, जरा त्या खडकाआड घ्या. काकांनी घेतली. सगळे खडकाकडे पाठ करून उभे राहिले आणि खिदळत राहिले. पाण्यातून वर येताना मधे जो थांबा असतो, त्यावरून दाढीवाल्याने नाव पाडलं, राणीसाहेबांचा थांबा. त्यानंतर रोज, तो खडक आला की कुणीतरी विचारणारच, थांबा घ्यायचा का? त्या दिवसापासून ही पहाटे उठल्यापासून घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालत नव्हती.

दिवसभर समुद्रात राहून पोर तहानेने सुकत होती आणि मी तिच्या पिंढऱ्यांना तेल चोळत होते.

म्हटलं, डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंस? तर उलट मलाच म्हणाली, तूच तर आधी बोललीस. खरंच होतं. म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी मी मालकाच्या दुकानात गेले. भिंतीवर पंख ओळीने लावलेले, रबराचा वास, आणि कोपऱ्यात ती खुर्ची. मालकाने मला बसायला तीच खुर्ची दिली. मी उभी राहिले. सांगायचं ते सरळ सांगितलं. तो ऐकताना टेबलावरची पिन इकडून तिकडे सरकवत होता. मग म्हणाला, आजी, तुमचं पटतं, पण बोट केवढीशी, जागा कुठे आहे? मी म्हटलं, थंड पेयांच्या पेटीला जागा आहे, गाणी लावायच्या त्या खोक्याला आहे. तो म्हणाला, ते गिऱ्हाइकांसाठी. मी म्हटलं, गिऱ्हाइकांत बायका नसतात? तो म्हणाला, असतात की, पण आजवर एकीचीही तक्रार नाही.

"तक्रार कशी येईल," मी म्हटलं, "त्या पाणीच पीत नसतील."

तो हसला. जुन्या माणसाशी हसतात तसं. म्हणाला, तुम्हीच या एकदा बोटीवर, आमच्या पाहुण्या म्हणून, आणि दाखवा कुठे जागा आहे ती. त्याला वाटलं, विषय संपला. मी म्हटलं, रविवारी येते.

घरी नातीने कपाळाला हात लावला. माझी शेवटची फेरी आहे, तीही तू नासणार, म्हणाली. मी माझी चप्पल पुसत बसले.

रविवारी मला दोघांनी धरून बोटीत घेतलं, नारिंगी जाकीट घातलं, मी भोपळ्यासारखी दिसत असणार. गर्दी होती म्हणून मालकही आला होता. बोट चालवणारे काका सुकाणूपाशी. हा माणूस इतका कमी बोलतो की सगळे त्याला अबोलकाका म्हणतात. मी माझी बाटली काढली आणि प्यायला लागले. साधं पाणी. नात दात ओठ खात कानात म्हणाली, आजी, पुरे. मी म्हटलं, तहान लागायची वाट बघू नये, तूच शिकवलंस ना? पहिल्या ठिकाणी बोट थांबली, ती दोन माणसांना घेऊन मागे वळूनही न बघता पाण्यात गेली. बुडबुडे आले, मग तेही दिसेनासे झाले. मी पहिल्यांदाच पाहिलं ते. पण बघत बसायची ती वेळ नव्हती, पोटाला दुसरं काम लागलं होतं.

मी मालकाला सांगितलं, मला जायचंय.

तो म्हणाला, कुठे? मी नुसतं बघितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "आजी, थोडं धरा ना, दुपारी पोचतोच."

"धरायचं वय गेलं, मालक," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण गाणी चालू होती. कुणीतरी गाणी बंद केली. तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि त्यातली एक हळूच म्हणाली, आम्हालाही. दाढीवाल्याला हसू फुटलं. तो काही म्हणायच्या आत मी त्याला म्हटलं, "तू हसतोस काय बाबा, उठ, काहीतरी आडोसा धर."

अबोलकाका उठले. डोक्यावरचं उन्हाचं ताडपत्रीचं छप्पर त्यांनी एका बाजूने सोडलं, थंड पेयांची पेटी पायाने पुढे ढकलली, आणि इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात दोरीने ताडपत्री बांधली. आत एक बादली ठेवली. एक टोक मोकळं राहिलं, ते दाढीवाल्याने धरलं, तोंड समुद्राकडे करून. जागा होती. इतके दिवस पेटीखाली होती.

नात वर आली तेव्हा ताडपत्री फडफडत होती आणि आम्ही तिघी बाया एका बाकावर आरामात बसलो होतो. तिला कळायला वेळ लागला नाही. चेहरा असा लाल झाला की मला वाटलं, आता परत बुडी मारते. काकांनी तिच्या हातात टॉवेल दिला आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलले. "पोरी, मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं, काका," ती म्हणाली. "तेव्हा सगळे हसले होते."

काका पुन्हा सुकाणूपाशी जाऊन बसले. दाढीवाला ताडपत्रीची गाठ उगाच घट्ट करत राहिला. मी बाटली पुढे केली. ती घेईना. मी धरूनच ठेवली, हात दुखायला लागला तरी. शेवटी तिने हिसकावून घेतली आणि गटागटा प्यायली, मग थोड्या वेळाने खाली मान घालून ताडपत्रीआड गेली. त्या दोघींतल्या एकीने तिची पाठीवरची चेन ओढून दिली. दोन बुड्यांच्या मधे ती झोपली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, पण झोपली नाही.

धक्क्यावर उतरताना मालक लोकांना सांगत होता, आमच्या बोटीवर बायकांसाठी खास सोय केली आहे. माझ्या अंगाची लाही झाली. नातीला म्हणाला, उद्या ये बोटीवर, बघू आणखी थोडे दिवस. हे असंच आहे. अजूनही वारा सुटला की ताडपत्री काढून ठेवतात आणि हिला मागून घ्यावी लागते. गर्दी वाढली की ती पेटी परत त्या कोपऱ्यात येते. एकदा सांगून भागत नाही, रोज सांगावं लागतं, आणि रोज सांगायचं म्हटलं की माणूस त्यानेच अर्धा थकतो.

पण त्या संध्याकाळचं सांगते. ती घरी आली, सूट धुतला, गॅलरीत टांगला, जेवायला बसली आणि जे तोंड सोडलं ते थांबेचना. अख्ख्या बोटीसमोर तू असं केलंस. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. दाढीवाल्याला ताडपत्री धरायला लावलीस, तो उद्या माझं काय नाव पाडेल? मी भात वाढत होते, ती रागारागाने खात होती. ताट साफ झालं तरी भांडण संपलं नव्हतं. किती महिन्यांनी त्या ताटावर कुणीतरी माझ्याशी भांडत होतं.

"आणि उद्यापासून साधं पाणी दे," ती म्हणाली. "दोन बाटल्या. एक मास्कची, एक माझी."

मी म्हटलं, मास्कला एवढं चांगलं पाणी कशाला, खाली समुद्र आहे की.

तुला काही कळत नाही म्हणाली, आणि मास्क कशाने का विसळायचा ते मला पहिल्यापासून समजावायला बसली.